ऑक्सिजन चेंबर: औषध कोणाला आणि नुसता खर्च कोणाला?

सध्या मोबाइलवर एक जाहिरात सारखी डोकावते. काचेसारख्या पारदर्शक नळकांड्यात तुकतुकीत चेहऱ्याची एक बाई डोळे मिटून पडलेली असते आणि खाली ओळ येते: शंभर टक्के ऑक्सिजन घ्या, थकवा, सुरकुत्या, केसगळती, मायग्रेन सगळं विसरा. नेमक्या त्याच सुमारास घरातल्या एखाद्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम भरत नसते आणि सर्जन म्हणतात, "हायपरबेरिकचा विचार करू या." नातेवाईक मोबाइलवर शोधतात, तर समोर तेच नळकांडं. मग घरात कुजबुज सुरू होते: डॉक्टरही आता या धंद्यात उतरले की काय?

शंका रास्त आहे. पण यंत्र तेच असलं, तरी काही मोजक्या आजारांत ते जीव किंवा अवयव वाचवतं, काहींत बेताची मदत करतं आणि उरलेल्या भल्यामोठ्या यादीत खिसा हलका करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. आपला आजार यांतल्या कुठल्या गटात बसतो, हे ओळखायला डॉक्टर असायची गरज नाही. थोडं विज्ञान कळलं की पुरे.

आधी व्याख्या. हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी म्हणजे बंद चेंबरमधला दाब वाढवायचा आणि त्या वाढलेल्या दाबाखाली रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन श्वासातून द्यायचा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे आपल्या अंगावर हवेचा जो दाब कायम असतो तो एक पट धरू. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की त्यात आणखी एक पट भर पडते. रुग्णालयातले बहुतेक उपचार २ ते २.५ पट दाबावर होतात, म्हणजे माणूस जणू १० ते १५ मीटर पाण्याखाली बसलेला असतो. एक बैठक साधारण दीड ते दोन तासांची.

ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय, मग आणखी कशाला?

कोविडने आपल्याकडून एक आकडा पाठ करून घेतला. बोटाला चिमटा लावायचा, ९५च्या वर असेल तर निर्धास्त. रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं आहे, ते हा आकडा सांगतो. धडधाकट माणसाचं ९७-९८ टक्के आधीच भरलेलं असतं. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी एवढं अवजड यंत्र कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न अगदी बरोबर आहे.

खरी गोष्ट अशी, की रक्तात ऑक्सिजन दोन प्रकारे असतो. जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला धरून असतो. अगदी थोडा रक्ताच्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात, नुसता विरघळलेला असतो. १०० मिलिलिटर रक्तातलं हिमोग्लोबिन सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ०.३ मिलिलिटर, निव्वळ चिल्लर. हिमोग्लोबिन एकदा भरलं की भरलं, त्यात आणखी कोंबता येत नाही. ही चिल्लर मात्र कितीतरी पटीने वाढवता येते, आणि चेंबरचा सगळा खेळ तिच्यावरच चालतो.

गोटी सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. गोटी वर घट्ट बसलेली असते तोवर आतलं पाणी स्वच्छ, शांत दिसतं, बुडबुडा म्हणून नाही. पण त्या पाण्यात भरपूर वायू विरघळलेला असतो, कारण तो दाबाखाली आहे. जितका दाब जास्त, तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८०३ मध्ये मांडलेला हा नियम रक्तालाही लागू पडतो. साध्या दाबावर शुद्ध ऑक्सिजन घेतला तर विरघळलेलं प्रमाण २ मिलिलिटरच्या आसपास जातं. ३ पट दाबाखाली ते सुमारे ६ मिलिलिटर होतं. आणि आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर १०० मिलिलिटर रक्तातून सरासरी ५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर हिमोग्लोबिनशिवायही काही काळ भागू शकतं.

हा हिशेब कागदावर राहिलेला नाही. अॅमस्टरडॅमचे सर्जन बोरेमा यांनी १९६० मध्ये डुकराच्या पिल्लांच्या अंगातलं रक्त काढून त्या जागी जवळपास हिमोग्लोबिन नसलेला द्रव भरला, त्यांना ३ पट दाबाखाली ऑक्सिजन दिला, आणि ती जगली. प्रयोग ऐकायला अंगावर काटा आणणारा आहे, पण त्यानंतर वैद्यकविश्वाने या चेंबरकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली.

रुग्णाला याचा उपयोग काय? तांबड्या पेशीला पुढे जायला रक्तवाहिनीची वाट लागते. सूज आली, बारीक वाहिन्या चेपल्या किंवा करपल्या, की ती अडते आणि पलीकडचं मांस उपाशी राहतं. प्लाझ्मात खूप ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तो वाहिनीच्या बाहेर नेहमीपेक्षा लांबवर पसरतो आणि त्या उपाशी भागापर्यंत पोचू शकतो. त्यामुळे कुठल्याही जाहिरातीला एक प्रश्न विचारावा: या आजारात शरीराचा कुठला भाग ऑक्सिजनवाचून अडला आहे? उत्तर ठोस असेल तर पुढे बोलायला जागा आहे.

सोड्याची गोटी आत ढकलली की

चेंबरचं सगळ्यात निर्विवाद काम पाणबुड्यांसाठी, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी आहे. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो हळूहळू फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला तर गोटी आत ढकलल्यावर सोड्याचं जे होतं तेच त्याच्या अंगात होतं: बुडबुडे. सांध्यात अडकले तर असह्य दुखतं, मणक्यातल्या मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडू शकतात.

१८७०च्या दशकात न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हा आजार झाला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यानेच कायमचा अधू झाला आणि साइटवरचं काम पुढे त्याची बायको एमिली हिने सांभाळलं. उपाय त्या काळातही कामगारांच्या लक्षात आला होता: पुन्हा दाबाखाली गेलं की दुखणं कमी होतं. आजचा उपचारही तोच, फक्त शिस्तीत. रुग्णाला २.८ पट दाबावर नेऊन शुद्ध ऑक्सिजन देतात आणि जवळपास पाच तासांत टप्प्याटप्प्याने खाली आणतात. दाबाने बुडबुडे आकसतात आणि ऑक्सिजन त्यांतला नायट्रोजन बाहेर खेचतो.

मुंबईत याचं जुनं आणि भक्कम ठिकाण म्हणजे कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय. पाणबुडे हे नौदलाचं रोजचं काम, त्यामुळे हे शास्त्रही आपल्याकडे तिथेच आधी रुजलं. मुंबई हायच्या तेलविहिरींवर पाण्याखाली काम करणाऱ्यांसाठीही चेंबर ही गरजेची वस्तू आहे. आपल्यासारख्यांचा संबंध येतो तो सुट्टीत. तारकर्लीला दोन-चार मीटरवर केलेल्या हौशी डुबकीत हा धोका फारसा नसतो. पण अंदमानला दोन-तीन दिवस खोल डाइव्ह मारून लगेच मुंबईचं विमान पकडणं मात्र वेडेपणा आहे. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणजे गोटी आणखी आत. अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास तरी विमानात बसू नये, असा डाइव्हिंगवाल्यांचा नियम आहे. उतरल्यावर सांधे ठणकले, हातापायाला मुंग्या आल्या तर बाम चोळत न बसता डॉक्टरांना डाइव्हिंगचं आवर्जून सांगा. न सांगितल्यास त्यांच्या डोक्यात ते येणार तरी कसं?

बाथरूममधला गॅस गिझर

थंडीच्या दिवसांत दर वर्षी एक बातमी येतेच: बाथरूममध्ये आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आली नाही, दार तोडलं तर बेशुद्ध. कोंदट बाथरूम, बंद किंवा काचपट्ट्या चिकटवून टाकलेली खिडकी आणि आतच बसवलेला गॅस गिझर. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून जास्त पटीने घट्ट चिकटतो, आणि एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही.

नुसत्या मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. ३ पट दाबाच्या चेंबरमध्ये २०-२५ मिनिटं. आकडे बोलके आहेत, पण इथे एक खोच आहे. रुग्णाला चेंबर असलेल्या रुग्णालयात नेण्यातच दोन तास गेले, तर तेवढ्यात मास्कनेही बरंच काम झालेलं असतं. चेंबरची खरी आशा असते ती नंतरच्या त्रासाबाबत: काही रुग्णांना आठवड्यांनी विसराळूपणा, एकाग्रता न होणं असे मेंदूचे त्रास सुरू होतात. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चांगल्या चाचणीत चेंबरमुळे हे त्रास कमी झाले. इतर काही चाचण्यांत फरक दिसला नाही. म्हणून बेशुद्ध पडलेली व्यक्ती, गरोदर बाई, छातीत दुखणारा किंवा मेंदूवर परिणाम दिसणारा रुग्ण अशांसाठी डॉक्टर चेंबरचा आग्रह जास्त धरतात.

घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. या विषबाधेत बोटाचा ऑक्सिमीटर साफ फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, आणि माणूस मरणाच्या दारात असताना पडद्यावर ९८ झळकत राहतात. तेव्हा आकडा पाहून थांबू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा आणि रुग्णालयात पोचताच गॅस गिझरचं नाव आधी सांगा.

मधुमेहाचा पाय

आपल्याकडे चेंबरचा सल्ला सगळ्यात जास्त कुटुंबांच्या वाट्याला येतो तो या कारणाने, म्हणून इथे जरा थांबू.

मधुमेह जुना झाला की तळव्याची संवेदना जाते. चप्पल कुठे चावते ते कळत नाही, बुटातला खडा कळत नाही, मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला निघालेल्या माणसाला तापलेल्या रस्त्याने पोळलेलंही कळत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून चालणं तर रोजचंच. त्यातून जखम होते. दुसरीकडे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, म्हणजे जखमेला रसद कमी. तिसरं, साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. या पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतो, जखमेवर नवं मांस धरायला लागतो, नव्या केशवाहिन्या फुटायलाही त्याची मदत होते. ऑक्सिजनवाचून अडलेला भाग म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

मग सरसकट सगळ्यांना चेंबरमध्ये का बसवत नाहीत? कारण पायाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनीच बंद असेल, तर कितीही ऑक्सिजन विरघळलेलं रक्त असो, ते तिथे पोचणारच नाही. आधी डॉपलर करून रक्तपुरवठा बघायचा, गरज असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून वाट मोकळी करायची. मेलेलं मांस काढून टाकायचं, जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा, शुगर ताब्यात आणायची. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: जखमेवरचा भार काढायचा. खास बूट, प्लास्टर, कुबड्या, काहीही करून त्या जागेवर वजन पडू द्यायचं नाही. हे सगळं नीट करून महिनाभरात जखमेत काहीच सुधारणा नसेल आणि ती खोल, हाडापर्यंत किंवा गँगरीनकडे गेलेली असेल, तेव्हा चेंबर जोडीला घ्यायचा. अमेरिकेची सरकारी विमा योजना साधारण याच अटींवर पैसे देते.

पुरावा काय सांगतो? मिश्र. काही चाचण्यांत जखमा भरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तपुरवठा कमी असलेल्या मधुमेहींमध्ये, पाय वाचण्याच्या प्रमाणात खात्रीलायक फरक आढळला नाही. बऱ्याच रुग्णांना ठरलेल्या बैठकाही पूर्ण करता आल्या नाहीत. जखमेभोवतीच्या कातडीत किती ऑक्सिजन पोचतो ते मोजण्याची एक चाचणी असते. ऑक्सिजन दिल्यावर तो आकडा चांगला वर गेला तर चेंबरचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. ही चाचणी न करताच ४० बैठकांचं पॅकेज हातात ठेवणाऱ्यांपासून जपून.

बैठका पूर्ण न होण्याचं कारण मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. ३० ते ४० बैठका, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा ते आठ आठवडे. माझ्या परिचयातले एक गृहस्थ डोंबिवलीहून रोज असे जात. डॉक्टरांनी पायावर वजन टाकू नका म्हणून बजावलेलं, आणि हे स्टेशनचा जिना चढून, डब्यात उभं राहून, उतरल्यावर पुन्हा पूल ओलांडून जखम भरायच्या उपचाराला जायचे. टाचेच्या बँडेजवर रोज संध्याकाळी ओला डाग. पाचव्या-सहाव्या दिवशी ड्रेसिंग करणाऱ्या नर्सने विचारलं, "काका, तुम्ही येता कसे?" तोवर हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. मुलांनी रिक्षा-टॅक्सीचा खर्च आधी मोजला असता तर कदाचित घराजवळच्या ड्रेसिंगवर आणि चांगल्या बुटावर तो पैसा जास्त कामी आला असता. चेंबरचा खर्च विचारताना येण्याजाण्याचाही विचारा.

रेडिएशननंतर वर्षांनी उठणारा त्रास

तंबाखू, मावा, गुटखा यांच्या कृपेने तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात तोंडाला रुमाल लावून बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. रेडिएशन कर्करोगाच्या पेशी मारतं, पण वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू आकसतात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तो भाग ऑक्सिजनला पारखा होतो. जबड्याचं हाड उघडं पडतं, भरत नाही, कुजतं. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगानंतर मूत्राशयातून रक्त जातं, सारखी लघवी होते.

मूत्राशयाच्या त्रासाला चेंबरचा फायदा होतो, हे स्कँडिनेव्हियन देशांतल्या २०१९च्या चाचणीत चांगलं दिसलं. जबड्याची गोष्ट गुंतागुंतीची आहे. रेडिएशन झालेल्या माणसाचा दात काढायचा असेल तर आधी २० आणि नंतर १० बैठका, असा जुना शिरस्ता होता. ब्रिटनमधल्या चाचणीत, तीही २०१९चीच, दोन्ही गटांत हाड कुजण्याचं प्रमाण मुळातच कमी निघालं आणि सरसकट प्रतिबंधक बैठकांचा फायदा दिसला नाही. तेव्हा रेडिएशन झालेलं असेल तर दाताच्या डॉक्टरांना ते आधी सांगा आणि दात काढण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांशी बोलणं होऊ द्या. रेडिएशन सुरू होण्याआधीच किडके दात काढून घेतले असतील तर पुढचं बरंच टळतं.

बाकीची यादी

या शाखेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्य आजारांची यादी पंधराच्या आसपास थांबते. वर आलेल्यांशिवाय तीत आहेत: रक्तवाहिनीत शिरलेला हवेचा बुडबुडा, वायू तयार करणारं गँगरीन आणि मांस झपाट्याने खाणारे जंतुसंसर्ग (शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं आधी, चेंबर जोडीला), अपघातात चेंगरलेला हातपाय, धोक्यात आलेली त्वचेची कलमं, औषधांना न जुमानणारा हाडाचा संसर्ग, काही भाजलेले रुग्ण, मेंदूतला गळू, आणि रक्त चढवणं शक्यच नसलेला तीव्र रक्तक्षय.

दोन आजार मात्र वेगळे सांगतो, कारण त्यांत वेळ हातची जाते. एका सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकूच येत नाही, असं झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. हा अचानक आलेला बहिरेपणा असू शकतो. स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं आणि चेंबर द्यायचा तर शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. दुसरं, एका डोळ्याची नजर एकदम, न दुखता गेली तर डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. इथे हिशेब तासांचा असतो.

आत नेमकं काय होतं

चेंबर दोन जातीचे. एक ते जाहिरातीतलं एका माणसाचं पारदर्शक नळकांडं, ज्यात बहुधा आत सगळाच ऑक्सिजन भरतात. दुसरा पोलादी, छोट्या खोलीएवढा, अनेकांसाठी. तिथे दाब हवेचा असतो आणि ऑक्सिजन मास्कमधून किंवा डोक्यावरच्या टोपातून मिळतो.

चांगल्या केंद्रात आत जाण्याआधीची झडती विमानतळालाही लाजवेल. मोबाइल, घड्याळ, लायटर, श्रवणयंत्र बाहेर. नायलॉनचे कपडे उतरवून सुती झगा. केसाला तेल, ओठाला व्हॅसलीन, अंगाला अत्तर काहीही चालत नाही. मधुमेही असाल तर बोट टोचून साखर बघतात, कारण आत ती उतरू शकते. दार लागलं की हवा शिरल्याचा सूं सूं आवाज येतो, थोडं गरम होतं आणि कानाला दडे बसायला लागतात. थुंकी गिळायची, जबडा हलवायचा, नाक दाबून हलकेच फुंकायचं. दुखलं तर लगेच हात करायचा. ऑपरेटर दाब थांबवतो. एकदा ठरलेल्या दाबाला पोचलं की पुढचा तासभर निव्वळ कंटाळा. मधून मधून पाच मिनिटं साधी हवा देतात. ती विश्रांती सुरक्षेचा भाग आहे.

"ऑक्सिजन तर नैसर्गिक, त्याचं कसलं नुकसान?"

नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हा आपला लाडका गैरसमज. दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला चेतवतो आणि क्वचित झटका येऊ शकतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं. मधली ती साध्या हवेची पाच मिनिटं त्यासाठीच. कानाच्या पडद्याला इजा हा सगळ्यात नेहमीचा त्रास. बऱ्याच बैठकांनंतर चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो, म्हणून त्या काळात नवा चष्मा करू नये. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर चेंबर थेट जिवावर बेततो. ब्लिओमायसिनसारखी कर्करोगाची काही औषधं घेतलेली असतील तर आधी सांगायलाच हवं.

आणि आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात एरवी धुमसणारी वस्तूही भडकते. मिलानच्या एका रुग्णालयात १९९७ मध्ये चेंबरला आग लागून ११ जण गेले. एका रुग्णाने सोबत नेलेलं हात शेकायचं छोटं साधन कारण मानलं गेलं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावात ३१ जानेवारी २०२५ रोजी एका खासगी केंद्रात चेंबर पेटून पाच वर्षांचा मुलगा दगावला. केंद्राशी संबंधित चौघांवर गुन्हे दाखल झाले. त्या मुलाला तिथे आणलं होतं चंचलपणाच्या आणि झोपेतल्या श्वासाच्या त्रासासाठी. दोन्ही त्रास मान्य यादीत नाहीत.

"पण शेजारच्यांच्या मुलाला फरक पडला!"

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे लहानपणापासून हालचालींवर ताबा नसणं), लकवा, स्मृतिभ्रंश: या आजारांनी थकलेल्या पालकांना आणि मुलांना चेंबरची आशा दाखवणं सोपं असतं. फरक पडल्याचं सांगणारे आईबाप खोटं बोलत नाहीत. कॅनडामध्ये सेरेब्रल पाल्सीच्या १११ मुलांवर झालेल्या २००१च्या चाचणीत अर्ध्या मुलांना खरा उपचार दिला, अर्ध्यांना फक्त किंचित दाबाची साधी हवा. सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि सारखीच झाली. आईबापांसोबत रोज घालवलेला वेळ, लक्ष, अपेक्षा, वाढतं वय यांतलं काय किती कामी आलं ते कोण सांगणार, पण शुद्ध ऑक्सिजनने त्यात वेगळी भर घातली नाही. स्वमग्नतेतही चाचण्यांमधून फायदा सिद्ध झालेला नाही.

वय उलटं फिरवण्याच्या दाव्यामागे इस्रायलचा २०२०चा एक अभ्यास असतो. ६४ वर्षांवरच्या ३५ जणांना ६० बैठका दिल्या, रक्तातल्या काही पेशींच्या गुणसूत्रांची टोकं, जी वयाबरोबर आखूड होत जातात, ती लांबलेली आढळली. तुलनेला दुसरा गटच नव्हता. पेशींमधल्या एका मोजमापावरून थेट तारुण्यावर उडी मारली ती बातम्यांनी आणि जाहिरातींनी.

मग येतात त्या कापडी, फुगवायच्या पिशव्या. त्यांत दाब जेमतेम १.३ पट असतो. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, त्याला १.३ने गुणलं तर २७. एवढा ऑक्सिजन नाकातल्या साध्या नळीनेही मिळतो. अमेरिकेत अशा पिशव्यांना मान्यता मिळाली ती उंच पर्वतावर विरळ हवेचा त्रास होणाऱ्यांसाठी. आपण तर समुद्रकाठी राहतो.

जायचंच ठरलं तर

डॉक्टरांनी सुचवलं असेल तर आजाराचं नेमकं नाव कागदावर लिहून घ्या आणि ते मान्य यादीत आहे का ते विचारा. दाब किती पट, बैठका किती, आणि किती बैठकांनंतर उपयोग होतो की नाही हे तपासणार, हेही विचारा. जखमेचा फोटो आणि माप दर आठवड्याला घेणारं केंद्र बरं. छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी न करता पहिल्याच दिवशी आत पाठवत असतील तर परत फिरा. डॉक्टर आवारात असतात की फोनवर, बैठक सुरू असताना ऑपरेटर यंत्रापाशी बसतो की एकाच वेळी रिसेप्शनही सांभाळतो, हे स्वतः डोळ्यांनी बघा. खिशाची झडती कुणी घेतली नाही, तर तुमच्या आधी आत गेलेल्याचीही घेतलेली नसणार. बैठकीचा दर हजारांत असतो आणि बैठका तीस-चाळीस, त्यामुळे विमा कंपनीकडून किती बैठकांचे पैसे मिळतील, ते पहिल्या बैठकीआधी लेखी मागवून ठेवा.